घरातला जुना तंबोरा, सतार किंवा दुसरं तंतुवाद्य: ओळख आणि किंमत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माळ्यावर किंवा कपाटामागे खोळीत गुंडाळलेलं एखादं वाद्य पुष्कळ मराठी घरांत निघतं. आजी शिकत असे, काका भजनाला घेऊन जात, एवढंच आठवत असतं. मग ते काय आहे, किती जुनं आहे आणि त्याचं काय मोल येईल, हे प्रश्न ओळीनं येतात. हे प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत इथे दिले आहेत. भर तंबोरा आणि सतारीवर आहे, कारण आपल्याकडे सापडणारी वाद्यं बहुतेक तीच असतात.

वाद्य आत्ताच खाली काढलंय. पहिल्यांदा काय करू?

फोटो काढा. पुसायच्या आधी, तारा काढायच्या आधी, खुंट्या पिळायच्या तर नक्कीच आधी.

पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, खुंट्यांच्या टोकाचा, घोडीचा (तारा खालच्या बाजूला ज्यावर टेकतात तो तुकडा) जवळून आणि भोपळ्यावरच्या प्रत्येक चिरेचा फोटो घ्या. खोळ झटकू नका, आधी तिच्या तळाशी हात घालून बघा. सुटलेले मणी, तुटलेली खुंटी, नक्षीची निघालेली पट्टी, कधी दुकानाची पावती, सगळं तिथेच साचलेलं असतं. ते एका डबीत ठेवून डबी वाद्याबरोबरच असू द्या. हस्तिदंतासारखी दिसणारी अर्ध्या इंचाची पट्टी कचऱ्यात गेली, की तिच्या जोडीची पुन्हा मिळत नाही.

तंबोऱ्याची घोडी पुष्कळदा नुसत्या तारांच्या ताणावर उभी असते. तारा सैल केल्या की ती सरकते किंवा पडते. ती कुठे होती ते आधी मोजा, तबलीच्या, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या लाकडी फळीच्या, खालच्या कडेपासून किती अंतरावर हे लिहून ठेवा.

ओलं फडकं, खोबरेल तेल, फर्निचरचं पॉलिश यांतलं काहीही लावू नका. कोरडा, मऊ रंगाचा ब्रश धुळीला पुरतो.

हे नक्की कोणतं वाद्य आहे ते कसं कळणार?

आधी पडदे बघा, म्हणजे दांडीवर आडवे बांधलेले धातूचे तुकडे. दांडी सपाट, पडदे नाहीत आणि चार तारांच्या चार खुंट्या (क्वचित पाच किंवा सहा) असतील तर तो तंबोरा. पडदे कमानीसारखे वाकवलेले, दोऱ्यानं बांधलेले आणि सरकवता येणारे असतील तर सतार. कमानी पडद्यांच्या खाली बारीक तारांची दुसरी रांग असेल तर त्या तरफा, आणि ती तरफदार सतार. जुन्या साध्या सतारींना तरफा नसत, म्हणून तरफांच्या खुंट्या नाहीत याचा अर्थ काही हरवलंय असा लगेच काढू नका. सतारीसारखंच पण बरंच मोठं, जाड तारांचं आणि पाठीला चपटा भोपळा असलेलं वाद्य सुरबहार असू शकतं. मात्र चपट्या पाठीच्या लहान सतारीही असतात, त्यांना कासवाच्या पाठीवरून कछुआ सतार म्हणतात.

तबलीच्या जागी कातडं असेल तर घराणं बदललं. पडदे आणि कातडं दोन्ही असतील आणि गजानं वाजवायचं असेल तर दिलरुबा किंवा इसराज. दिलरुब्याचं पोट चौकोनी, मध्ये आवळलेलं असतं, इसराजाचं लहान आणि गोलसर. कातडं आहे, पडदे नाहीत, अख्खं वाद्य एकाच ओंडक्यातून कोरलेलं आणि कडेला तरफांच्या खुंट्यांची गर्दी, ही सारंगी. दांडीवर चकचकीत धातूचा पत्रा असेल तर सरोद.

टाइपरायटरसारख्या कळा असलेली पेटी, जिला घरोघर ‘बेंजो’ म्हणतात, ती म्हणजे बुलबुलतरंग. ते जपानी टायशोगोटोवरून आलं आणि टायशोगोटोचा जन्मच विसाव्या शतकातला, त्यामुळे ‘दोनशे वर्षांपूर्वीचा बेंजो’ असू शकत नाही. गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवायची वारकरी वीणा आणि गोंधळ्यांचं तुणतुणं हीसुद्धा तंतुवाद्यंच. बाजारात त्यांना फारसा भाव नसतो. पण ती कुणी, कुठल्या दिंडीत, कुठल्या गावच्या गोंधळात वाजवली याची माहिती घरात शिल्लक असेल, तर ती लिहून ठेवण्याइतकी मोलाची आहे.

तंबोरा गायकाचा की गायिकेचा, हे कळतं का?

कळतं. मोठा, साधारण पाच फुटांच्या आसपासचा तंबोरा पुरुषी आवाजासाठी, हार्मोनियमवरच्या काळी एक या पट्टीच्या आजूबाजूला लावायचा. साधारण चार फुटांचा बायकी, काळी चार ते काळी पाचच्या सुमाराला लागणारा. फूटपट्टी मात्र पूर्ण लांबीला लावून भागत नाही. घोडीपासून मेरूपर्यंत, म्हणजे तारा वरच्या टोकाला जिथे पहिल्यांदा टेकतात त्या हाडाच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. स्वर त्या अंतरावर ठरतो.

हा फरक किमतीलाही लागतो. गाणाऱ्याला आपल्या पट्टीचा तंबोरा हवा असतो, आणि बायकी तंबोऱ्याला जाड तारा लावून तो पुरुषी होत नाही.

आमचा तंबोरा ‘मिरजेचा’ आहे असं घरात म्हणतात. खात्री कशी करायची?

महाराष्ट्रातल्या घरातला तंबोरा मिरजेचा असण्याची शक्यता मुळातच दांडगी आहे. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. तलवारींची गरज ओसरत चालली होती, हातात कसब होतं आणि संस्थानात गाण्याचा दरबार होता. त्यांच्या वंशजांनी पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली गेल्यावर त्यांना तिथल्याच दर्ग्यात दफन केलं. गाणं आणि वाद्यं बनवणारे कारागीर इतके शेजारी शेजारी राहिले, म्हणून तिथला तंबोरा गायकाच्या कानाबरहुकूम घडत गेला.

घडण बघायची झाली तर मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा खरा असतो, गोल आणि भरदार. तो खाण्याचा नसून कडू जातीचा, आणि पंढरपूर परिसरातून येतो. दांडी आणि तबलीचं लाकूड बहुतेक वेळा तून. दांडी पुढून सपाट, मागून गोलाई असलेली आणि आतून पोकळ. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्यावर लाकडाची कोरीव पानं बसवलेली असतात. भोपळ्याच्या जागी लाकडाचं पोट असेल आणि ते फणसाच्या लाकडातून कोरलेलं असेल, तर वाद्य दक्षिणेकडचं, तंजावर पद्धतीचं.

तरीही मिरज पद्धतीचं वाद्य आणि मिरजेत बनलेलं वाद्य यांत अंतर आहे. मिरजेत शिकलेले कारागीर इतर गावांत बसले, आणि दुकानदारांनी मिरजेहून माल मागवून त्यावर स्वतःच्या दुकानाच्या नावाची पट्टी ठोकली. नुसत्या आकारावरून कारागिराचं नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आजच्या उत्पादकांसाठी आहे. तुमच्या पणजोबांच्या तंबोऱ्याबद्दल ते काही सिद्ध करत नाही.

वय कसं काढायचं?

एका खुणेवर कधीच नाही. तीन-चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच बोलायचं.

सगळ्यात भरवशाचा पुरावा कागदाचा. पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान चलन आलं. ‘नवे पैसे’ लिहिले असतील तर १९५७ ते १९६४ या काळातली असण्याची शक्यता मोठी. दुकानाच्या पट्टीवर सहा आकडी पिनकोड असेल तर ती पट्टी १९७२ च्या स्वातंत्र्यदिनानंतर छापलेली, कारण पिनकोड त्याच दिवशी सुरू झाला. ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ असा नुसता विभागाचा आकडा असेल तर बहुधा त्याआधीची, अर्थात जुन्या छापील पट्ट्या संपेपर्यंत दुकानदार त्याच वापरत राहतात हेही ध्यानात ठेवा. पट्टीवर लाहोर असेल तर वाद्य बहुतांशी फाळणीपूर्वीचं.

पट्टी सापडत नसेल तर खोळीच्या आत, पेटीच्या झाकणाच्या मागे, आणि सतारीच्या पडद्यांखाली दांडीवर टॉर्च मारून बघा. घरातले जुने फोटोही काढा. लग्नाच्या बैठकीत किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच वाद्य, तीच नक्षी दिसली, तर त्या साली ते घरात होतं एवढं पक्कं ठरतं.

वस्तूवरच्या खुणांमध्ये गोंद पुष्कळ सांगतो. जुने कारागीर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वापरत. तो तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो आणि सांध्यात त्याचे कण दिसतात. पांढरट, रबरासारखा गोंद दिसला तर तो कृत्रिम. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला, तेव्हा असा सांधा त्यानंतरचा. मात्र तो दुरुस्तीचाही असू शकतो. एक सांधा सरसाचा आणि दुसरा पांढऱ्या गोंदाचा असेल तर वाद्य जुनं आणि डागडुजी नवी.

लाकूड काळं पडलंय, भोपळा तेलकट दिसतोय, एवढ्यावरून काही ठरत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला वीस वर्षं टेकलेलं वाद्य शंभर वर्षांचं दिसू लागतं.

नक्षी हस्तिदंताची आहे का? सुई तापवून लावून बघू?

अजिबात नको. जुन्या तंबोऱ्या-सतारींवरची पांढरी-पिवळी नक्षी बहुधा सेल्युलॉइडची असते, आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. तापलेली सुई लावून वाद्यच जाळाल.

भिंगातून बघा. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा चिरा दिसतात, त्या त्यातल्या नलिका. सेल्युलॉइडमध्ये रेषा असल्या तरी अगदी सारख्या, समांतर, छापल्यासारख्या असतात. बोटानं जोरात घासून लगेच वास घेतला तर पुष्कळदा कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूर घालतात. नक्षीच्या कोरीव रेषांत काळा-लाल रंग भरलेला असेल आणि पट्टी कडेनं वर उचलली गेली असेल, तर ती सेल्युलॉइडचीच असण्याची शक्यता जास्त.

खरंच हस्तिदंत असेल तर गोष्ट गंभीर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनंतर भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद आहे. वाडवडिलांची वस्तू असली तरी ती बाळगण्यासाठी मालकी प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, आणि विकायची तर परवानगीच नाही. जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या असत, त्यांनाही हाच कायदा लागतो. आज घोडीसाठी उंटाचं हाड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. संशय असेल तर विक्रीची जाहिरात देण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. ‘हस्तिदंती नक्षीचा दुर्मीळ तंबोरा’ असं लिहून फोटो टाकणं म्हणजे स्वतःवर गुन्हा ओढवून घेणं. दुकानदार तसं लिहायला सांगत असेल तर त्याच्याकडून उठून या.

जितकं जुनं तितकं महाग, असंच ना?

व्हायोलिनच्या बाजारात काही अंशी तसं आहे, तंबोरा-सतारीच्या बाजारात नाही. अपेक्षाभंग सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सतारीवर ताण मोठा असतो. वर्षानुवर्षं तो ताण सोसून तबली घोडीखाली खचते, दांडीला बाक येतो, पडदे झिजतात, गळ्याचा सांधा ढिला होतो. सतारीची रचनाही विसाव्या शतकात बरीच बदलली. पंडित रविशंकर आणि उस्ताद विलायत खाँ यांच्या वादनाबरोबर दोन वेगळ्या बांधणी रूढ झाल्या, एक खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या, तारांची आणि एक त्याशिवायची. आजचा विद्यार्थी या दोनांपैकी एक मागतो. १९२० सालची सुंदर साधी सतार त्याच्या उपयोगाची नसते, तिचा ग्राहक संग्राहक किंवा संग्रहालय, आणि असे ग्राहक थोडे.

तंबोऱ्याचं थोडं वेगळं. त्याची रचना फारशी बदललेली नाही, ताण कमी असतो, आणि चांगला वाळलेला जुना भोपळा व जुनी तबली आवाजाला खरोखर पोषक ठरते. मोठा, जाड सालीचा, नीट गोल भोपळा आता सहजी मिळत नाही. त्यामुळे जुना तंबोरा गाणाऱ्यांना हवा असतो, पण तो *वाजत* असेल तर. नव्वद वर्षांचा मुका तंबोरा आणि तीस वर्षांचा गुंजणारा तंबोरा शेजारी ठेवले, तर गवई दुसराच उचलेल. माझ्या मते तो बरोबरच करतो.

मग किंमत नेमकी कशावरून ठरते?

आवाज, सांगाडा, मूळपणा, जोडी आणि माहिती.

आवाज म्हणजे तारा लावून, जवारी (घोडीचा पृष्ठभाग घासून नाद जुळवणं, पुढे येतंच) करून घेतल्यावर तो किती वेळ आणि किती भरीव गुंजतो. जुनाट गंजक्या तारांवर वाजवून ‘आवाजच नाही’ म्हणणाऱ्या खरेदीदाराचं ऐकू नका. तसाच उलट, ‘काय आवाज आहे’ असं घरच्या घरी ठरवूही नका.

सांगाड्यात तबलीची चीर, खचलेली तबली, दांडीचा बाक, गळ्याचा सांधा आणि कीड येते. दांडी बंदुकीच्या नेमासारखी डोळ्यासमोर धरून खुंट्यांच्या टोकाकडून बघितली की बाक लगेच कळतो. लाकडात बारीक गोल भोकं असतील तर वाद्य रात्रभर काळ्या कागदावर ठेवा. सकाळी ताजी पिवळसर भुकटी पडलेली दिसली तर कीड अजून जिवंत आहे, आणि ते वाद्य घरातल्या इतर लाकडापासून लगेच वेगळं करा.

मूळपणा म्हणजे खुंट्या, घोडी, पानं, नक्षी मूळची आहेत का. एक बदललेली खुंटी काही बिघडवत नाही. संपूर्ण नवं पॉलिश बिघडवतं.

जोडीचा मुद्दा लोक विसरतात. मैफलीत तंबोरे दोन लागतात, आणि सारख्या मापाचे, सारख्या आवाजाचे दोन भोपळे जुळवणं हेच कारागिराचं अर्धं काम. तुमच्याकडे जोडी असेल तर ती फोडू नका. एक भाऊ एक, दुसरा भाऊ एक, अशी वाटणी केली की दोघांच्याही हातात अर्ध्याहून कमी किंमत उरते.

माहितीबद्दल पुढे लिहिलंय.

आकड्याचा अंदाज हवा असेल तर सरळ रस्ता असा. त्याच मापाचा, त्याच दर्जाचा नवा तंबोरा आज कारागिराकडे केवढ्याला पडतो ते विचारा. तुमचा वाजता करायला किती खर्च येईल ते दुसऱ्या कारागिराला विचारा. पहिल्यातून दुसरा वजा करा. सामान्य जुन्या तंबोऱ्याची किंमत त्या आकड्याच्या आसपास किंवा थोडी खाली येते. आवाज असामान्य असेल किंवा इतिहास कागदोपत्री असेल तरच ती वर चढते. ऑनलाइन जाहिरातींतले आकडे बघून ठरवू नका, ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे.

भोपळा फुटलाय. संपलं का?

नाही. भोपळ्याची चीर हा दिसायला भयंकर पण दुरुस्तीला सोपा प्रकार आहे. तुकडे असतील तर एकही टाकू नका. कारागीर आतून कापड लावून तो असा जोडतात की आवाजाला बाधा येत नाही. आख्खा भोपळा बदलणं हा शेवटचा उपाय, कारण मग ते वाद्य निम्मं नवं झालं. एम-सील किंवा अरल्डाइट घरी भरू नका. पुढच्या कारागिराला ते काढताना भोपळ्याचा आणखी लचका निघतो.

तबलीची चीर जास्त काळजीची. ती घोडीखालून जात असेल तर तारा ताबडतोब सैल करा.

दाखवायच्या आधी तारा बदलून, पॉलिश करून घेतलं तर भाव चांगला येईल?

तारा आणि जवारी, हो, पण जाणत्या हाताकडूनच. जवारी म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाला दिलेला अतिशय सूक्ष्म उतार. तार त्या उतारावर ओझरती टेकत राहते आणि त्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, झंकारत राहणारा नाद निघतो. तारेखाली सरकवायचा सुती दोरा, ज्याला जीव म्हणतात, तो त्या स्पर्शाची जागा बारकाईनं ठरवतो. कानस दोनदा जास्त फिरली तर घोडी गेली. वर्षानुवर्षं न वाजलेलं वाद्य एका दिवसात पूर्ण स्वरात चढवू नका. दोन-तीन सूर खाली लावा, काही दिवस राहू द्या, मग चढवा.

पॉलिशला मात्र नाही म्हणा. जुनं पॉलिश लाखेचं, चपड्याचं असतं. ते खरवडून वर चकचकीत पॉलियुरेथेन मारलं, की तबलीवर जाड थर चढून आवाज दबतो आणि जुन्याची खूणही पुसली जाते. मी पाहिलेल्या नुकसानीत किडीपेक्षा हौसेनं केलेल्या पॉलिशचा वाटा मोठा आहे.

आमच्या व्हायोलिनमध्ये ‘स्ट्राडिवारियस’ अशी चिठ्ठी आहे. खरं असेल का?

जवळजवळ निश्चितपणे नाही. इटलीतल्या क्रेमोनाचे आंतोनियो स्ट्राडिवारी १७३७ साली वारले. त्यांची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा ठावठिकाणा नोंदलेला आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन आणि फ्रान्समधल्या मिरकूर या भागांतून हजारोंनी व्हायोलिनं बाहेर पडली, त्यांत स्ट्राडिवारी, ग्वारनेरी, अमाती अशा नावांच्या छापील चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. त्या काळी ती फसवणूक मानली जात नसे, ‘या घडणीवर बनवलेलं’ एवढाच त्याचा अर्थ होता. चिठ्ठीवर देशाचं नाव छापलेलं असेल तर वाद्य बहुधा १८९१ नंतरचं, कारण आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं असा अमेरिकेचा कायदा तेव्हा लागू झाला आणि निर्यातदारांनी ती सवयच लावून घेतली.

तरी फेकून देऊ नका. त्या कारखानी वाद्यांतही काही फार चांगली असतात. पाठीचं लाकूड, कडेची काळी दुहेरी रेघ कोरून बसवलेली आहे की नुसती रंगवलेली, हे बघा. रंगवलेली असेल तर ते स्वस्त प्रकारातलं.

हा तंबोरा एका मोठ्या गायकानं वाजवला होता असं आजोबा सांगत.

आजोबांवर अविश्वास नको, पण विकत घेणारा आजोबांना ओळखत नाही. त्याला कागद लागतो. त्या मैफलीचा फोटो, ज्यात हाच तंबोरा ओळखू येतो. गायकाचं पत्र. कार्यक्रमपत्रिका. घरातल्या कुणाच्या डायरीतली नोंद.

यातलं काही नसेल तर आजच एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि वाद्याबद्दल बोलतं करा. कुणी आणलं, कुठून, कोण शिकवायला यायचं, कोणत्या घरातून कोणत्या घरात आलं. आत्याबाई किंवा मोठे काका हे सांगू शकतात तोवरच ते मिळणार. बाजारात त्याला पुराव्याचं वजन कमी पडेल, पण कारागिराचं नाव, गाव, साल यांचा धागा पुष्कळदा अशाच बोलण्यात सापडतो, आणि मग कागद कुठे शोधायचा ते कळतं.

नुसत्या फोटोवरून किंमत सांगतात का?

प्रकार आणि ढोबळ काळ सांगता येतो. किंमत सांगणारा अंदाज करत असतो. आवाज फोटोत येत नाही.

कुणाला दाखवू?

आधी वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, मग वाजवणाऱ्या किंवा गाणाऱ्याला, शेवटी विकत घेणाऱ्याला. हा क्रम उलटा करू नका. विकत घेऊ पाहणारा माणूसच किंमत ठरवून देत असेल तर तो स्वतःच्या बाजूनं बोलणार, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण दुसरं मत घ्या. पाहणी करणाऱ्याला त्याची फी विचारून द्या. फुकटच्या मतात ‘द्या मला’ हे पुष्कळदा दडलेलं असतं.

तुलनेसाठी जुनी वाद्यं डोळ्यांनी बघायची असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. तिथे एक दुपार घालवली तर नक्षी, खुंट्यांचे आकार, घोड्यांची माप-ठेवण यांबद्दल नजर तयार होते.

भावंडांत वाटणी करायची आहे. किंमत कोणती धरायची?

विकून प्रत्यक्ष हातात येईल ती. नवा घ्यायला लागेल ती विम्यासाठी योग्य, वाटणीसाठी नव्हे. आणि कुणी एक जण गाणारं किंवा शिकणारं असेल तर वाद्य त्याच्याकडे जावं आणि बाकीच्यांनी दुसरं काही घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. ज्या घरात ते वाजणार नाही तिथे ते दहा वर्षांत पुन्हा माळ्यावर जातं.

मुलगी परदेशात आहे, तिच्याकडे पाठवता येईल?

वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू आणि कलावस्तू कायद्याखाली ते पुरावस्तू ठरू शकतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जुनं दिसणारं पण त्याहून कमी वयाचं वाद्य असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र आधीच घ्या. विमानतळावर ही चर्चा करायची वेळ येऊ देऊ नका. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर पाठवायचा विचार सोडाच.

संग्रहालयाला किंवा संगीत विद्यालयाला दिलं तर?

संग्रहालयं इतिहास असलेली किंवा दुर्मीळ बांधणीची वस्तू घेतात, साधा तंबोरा त्यांच्याकडे आधीच असतो. संगीत विद्यालयाला वाजता तंबोरा नेहमीच हवा असतो. देताना लेखी द्या: कुणाचा, कधीचा, दुरुस्ती कुणी करायची, आणि त्यांना नको झाला तर परत कुणाकडे यायचा. हा शेवटचा मुद्दा न लिहिल्यामुळे चांगली वाद्यं भंगारात गेली आहेत.

विकायचं नाही ठरलं. कसं ठेवावं?

बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, स्वयंपाकघराजवळ नको, थेट उन्हात नको. पावसाळ्यात खोळीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेर काढून वारा द्या. रोज वाजत नसेल तर तारा दोन सूर उतरवून ठेवा. पार सैल सोडल्या तर घोडी सरकते. उभा ठेवायचा तर कोपऱ्यात, भोपळ्याखाली कापडाचं वेटोळं देऊन. लहान मुलं किंवा मांजर असेल तर आडवा, तबली वर, कडेनं उशांचा आधार. खुंट्या सरकत असतील तर त्यांना खडू चोळा, तेल कधीही नाही. आणि महिन्यातून एकदा तरी कुणाला छेडू द्या. तार सैल झाली, घोडी हलली, कुठे खरखर आली, हे छेडल्याशिवाय कळत नाही.